कॅम्पर व्हॅन बर्फात भाड्याने द्यायची? चावी देण्याआधी ही 5 कामं करा



2020 मध्ये अटल बोगदा सुरू झाला आणि मनालीहून लाहौलला हिवाळ्यातही जाणं सोपं झालं. म्हणजे तुम्ही कॅम्पर व्हॅन भाड्याने देणार असाल, तर "डिसेंबरला बर्फात न्यायचीय" असा फोन येणारच. पण आपल्या सारसोळ्यात खाडीकाठी स्वेटरसुद्धा बाहेर निघत नाही. इथे चाचणीत पास झालेली गाडी तिथे पास होईलच असं नाही.

1. पाणी: गोठलं की साधारण 9 टक्के फुगतं. पाइप, पंप, गीझर, सगळं फुटतं. कडाक्याच्या थंडीत टाकी आणि लाइन पूर्ण रिकामी करायची, पाणी कॅनमध्ये आत ठेवायचं. पिण्याच्या लाइनमध्ये इंजिनाचं कूलंट कधीच घालू नका, ते विषारी असतं.

2. कूलंट: आपल्याकडे कमी झालं की साधं पाणी ओततात. तिथे त्यानेच इंजिनाचा ब्लॉक तडकू शकतो. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरून घ्या.

3. डिझेल: कडक थंडीत त्यात मेण धरतं, फिल्टर चोंदतो आणि गाडी बंद पडते. म्हणूनच 2019 मध्ये इंडियन ऑइलने लडाखसाठी उणे 33 अंशांपर्यंत चालणारं खास डिझेल आणलं. ग्राहकाला सांगा, इथली टाकी वर नेऊ नका, हिवाळी डिझेल मिळेल तिथे तेच भरा.

4. बॅटरी: लिथियम बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज केली तर कायमची खराब होते. ती गाडीच्या आत बसवा, थंडीत चार्जिंग आपोआप थांबेल अशीच घ्या.

5. हीटर: सगळ्यात महत्त्वाचं हेच! बंद गाडीत शेगडी किंवा कोळसा पेटवून झोपणं म्हणजे जिवाशी खेळ. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. धूर बाहेर सोडणारा डिझेल हीटर बसवा, सोबत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा आणि एक खिडकी थोडी उघडी ठेवायला सांगा.

आता धंद्याचं बोलू. या तयारीला पैसे आणि वेळ दोन्ही लागतात. ते भाड्यात लपवू नका, बिलात "हिवाळी तयारी" अशी वेगळी ओळ टाका. कशाचे पैसे घेताय हे कळलं की ग्राहक कमी घासाघीस करतो. पाचही मुद्दे मराठीत छापा, गाडी दाखवताना एकेक समजावून सांगा आणि सही घ्या.

आणि "अलार्म-बिलार्म नको, रेट कमी करा" म्हणणारा भेटला तर हात जोडा, गाडी देऊ नका. एक बुकिंग गेलं तर दुसरं येईल. आत झोपणारं कुटुंब सुखरूप परत यायला हवं.