रोजी दिसली पाहिजे

मी रंगारी. जालन्याहून मुंबईत आलो तेव्हा रात्री पुलाखाली पथारी टाकायची आणि सकाळी नाक्यावर उभं राहायचं, असं चाललं होतं. एका रात्री गाडी आली आणि आम्हा पाच-सहा जणांना उचललं. का, तर म्हणे भीक मागता. माझ्या पिशवीत ब्रश होते, लांबी भरायची पट्टी होती. पण पिशवी कुणी उघडलीच नाही. सोबतच्या एका म्हाताऱ्या हमालाच्या कानात कुणीतरी कुजबुजलं, ‘हो म्हण, सोडतील.’ तो कोर्टात हो म्हणाला आणि भिक्षेकरी गृहात गेला. मी पिशवी पुढे करून म्हटलं, “साहेब, मुकादमाला फोन लावा.” मुकादम आला, म्हणून सुटलो.

1959 चा भीक प्रतिबंधक कायदा फक्त हात पसरणाऱ्याला लागतो, असं मला वाटायचं. तसं नाही. पोट भरायचं साधन दिसत नाही, माणूस रस्त्यावर भटकतोय किंवा थांबलाय आणि भिकेवर जगत असावा असा भासतोय, एवढ्यावरही तो भिकारी ठरतो. पहिल्याच खेपेला 1 ते 3 वर्षं डांबता येतं. दिल्ली उच्च न्यायालयाने 2018 साली भीक मागणं गुन्हा ठरवणारी कलमं रद्द केली, पण ती दिल्लीपुरती. आपल्याकडे कायदा जिवंत आहे.

तेव्हा उघड्यावर निजणाऱ्याने रोजीचा पुरावा अंगावर बाळगावा. बांधकाम कामगार मंडळाचं कार्ड काढा. त्याला वर्षभरात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. मुकादमाचा नंबर तोंडपाठ हवा, कारण मोबाईल आधी काढून घेतात. कागद गाठोड्यात ठेवू नका. पालिकेची गाडी पहिल्यांदा गाठोडंच उचलते. झेरॉक्स ओळखीच्या चहावाल्याकडे ठेवा.

धरलंच, तर कारण विचारा. ते सांगणं पोलिसांना बंधनकारक आहे. घरच्यांना कळवायला लावा. 24 तासांच्या आत कोर्टापुढे उभं करावंच लागतं. बाईमाणसाला सूर्यास्तानंतर अटक करायला अपवादात्मक कारण, महिला अधिकारी आणि दंडाधिकाऱ्याची परवानगी लागते. कोठडीतल्या माणसाला वकील फुकट मिळतो, मग त्याची कमाई कितीही असो. त्यासाठी 15100 हा नंबर आहे. कोर्टातली चौकशी झटपट उरकते, म्हणून वकील येईपर्यंत कशालाही मान डोलवू नका.

फुटपाथबद्दलही एक गैरसमज आहे. ओल्गा टेलिस खटल्यात 1985 साली सर्वोच्च न्यायालयाने रोजीरोटी हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला, हे खरं. पण फुटपाथवर राहण्याचा हक्क काही दिला नाही. हटवण्याआधी सहसा नोटीस द्यावी, म्हणणं ऐकून घ्यावं, एवढंच पदरात पडलं. झोपडीवर हातोडा पडताना मात्र तेवढंही मोठं असतं, म्हणून नोटीस मागाच.

आणि निवारा? सर्वोच्च न्यायालयाच्या 2010 च्या आदेशाप्रमाणे मोठ्या शहरांत लाखामागे एक निवारा हवा, तोही बारमाही, चोवीस तास उघडा. 2011 च्या जनगणनेचा आकडा धरला तर मुंबईत सव्वाशेच्या आसपास हवेत. मी पुष्कळ हिंडलो, इतके मला तरी दिसले नाहीत. पालिकेच्या वॉर्ड ऑफिसात अर्ज द्या आणि पोचेचा शिक्का घ्या. जागा नाही म्हणाले तर तेही लेखी मागा. पुढे कुणी ‘निवाऱ्यात का गेला नाहीत?’ असं विचारलं, तर तो कागद वकिलाच्या कामी येतो.