शाळेच्या बागेतील उताराचे संरक्षण

महाड, पोलादपूर, मुळशी यांसारख्या डोंगरी तालुक्यांत शाळेसाठी सपाट जागा क्वचितच मिळते. डोंगराचा काठ खोदून इमारत उभी राहते आणि उरलेल्या तीव्र उतारावरच बाग करावी लागते. पहिल्याच पावसाळ्यात वाफे वाहून जातात. पुढे इमारतीचा पायाही उघडा पडू लागतो. यावर सिमेंटची भिंत हाच एक उपाय, असा समज सार्वत्रिक आहे. तो यथार्थ नव्हे.

उतार ढासळतो तो मुख्यत्वे पाण्यामुळे. मुरलेल्या पाण्याने माती जड होते व तिच्या कणांची परस्परांवरील पकड सैल होते. पाण्याला वाट न ठेवता बांधलेल्या पक्क्या भिंतीमागे पाणी तुंबते आणि त्याच्या दाबाने भिंतच पुढे कलते. म्हणून माती अडविण्यापूर्वी पाणी वळवावे. उताराच्या माथ्यावर, कडेपासून थोडे मागे, उथळ चर खणून वरून येणारे पाणी ओढ्याकडे न्यावे. चराला किंचित ढाळ असावा. पाणी त्यातच मुरू लागले तर लाभाऐवजी हानी होते.

नंतर समपातळीच्या रेषा आखाव्यात. सारख्या लांबीचे दोन बांबू शेंड्याशी बांधून व मध्ये आडवी काठी लावून इंग्रजी ‘ए’ अक्षरासारखी चौकट करावी आणि शेंड्यापासून दोरीने दगड लोंबता सोडावा. चौकट दोन खुंट्यांवर ठेवून दोरी आडव्या काठीला जेथे लागेल तेथे खूण करावी; मग पायांची अदलाबदल करून दुसरी खूण करावी. दोन खुणांचा मध्य हीच समपातळीची खूण होय. दोरी त्या खुणेवर राखीत चौकट पुढे पुढे न्यावी व खुंट्या ठोकाव्यात. वरच्या वर्गांतील मुले हे काम आनंदाने करतात, आणि मध्यबिंदूचा पाठ त्यांना निराळा द्यावा लागत नाही.

या रेषांवर वाळा लावावा. त्याची मुळे आडवी न पसरता सरळ खाली, दोन-तीन मीटरपर्यंतही, जातात. पाऊस स्थिरावल्यावर फुटवे १० ते १५ सें. मी. अंतराने लावावेत व मेलेल्यांच्या जागी नवे लावावेत. राहिलेल्या फटीतूनच पाणी वेगाने धावते. माठातील पाण्यासाठी मुळे हवी असल्यास वाळा सपाटीवर वेगळा लावावा. उतारावरील मुळे खणणे म्हणजे केलेले काम मोडणेच होय.

पायथ्याशी गडगा रचावा. खालचा थर जमिनीत गाडावा, लांब दगडांचे टोक उताराच्या आत जाऊ द्यावे आणि गडगा किंचित डोंगराकडे झुकता ठेवावा. उंची कमरेपेक्षा अधिक नको. हे काम मोठ्या माणसांनीच करावे.

तपासणीच्या आदल्या दिवशी उतारावरील गवत खरवडून आवार ‘स्वच्छ’ करण्याची प्रथा काही शाळांत आहे. ती बंद करावी. तद्वतच मैदान रुंद करण्यासाठी उताराचा पायथा खोदू नये.

हे उपाय बागेच्या लहान उतारासाठी आहेत. ३० जुलै २०१४ रोजी माळीण येथे किंवा १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी येथे कोसळली तशी दरड गवताने वा गडग्याने थांबत नाही. माथ्यावर आडव्या भेगा पडल्या, झाडे कलू लागली, किंवा नवा झरा फुटून त्यातून गढूळ पाणी येऊ लागले, तर मुख्याध्यापकांनी मुलांना त्या बाजूच्या खोल्यांतून तत्काळ हलवावे, शाळा भरविण्याची व्यवस्था अन्यत्र करावी आणि त्याच दिवशी ग्रामपंचायत व तहसीलदार कार्यालयास लेखी कळवावे.