नाकाच्या शस्त्रक्रियेनंतर घरी घ्यायची काळजी



अपघातात नाक मोडते, श्वास अडतो, कधी ‘नाक बसके’ या टोमण्यांना कंटाळून तरुण मुले-मुली नाकाला आकार देणारी शस्त्रक्रिया करतात. ऑपरेशन काही तासांत संपते. नाक नीट राहणार की नाही, हे पुढच्या काही आठवड्यांतल्या काळजीवरही ठरते.

ही गोष्ट पुणे परिसराला जुनी आहे. १७९२ च्या युद्धात इंग्रजांच्या फौजेतला बैल हाकणारा कावसजी टिपूच्या कैदेत सापडला. तिथे त्याचे नाक कापले गेले. सुमारे वर्षाने पुण्याजवळ विटा करणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने कपाळाची कातडी वळवून त्याला नवे नाक बसवले. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’ने ही हकिकत छापली. त्यात नंतरची निगाही आहे : रुग्णाला पाच-सहा दिवस उताणे निजवायचे, दहाव्या दिवशी नाकपुड्या बुजू नयेत म्हणून मऊ कापड घालायचे. कष्टकऱ्याच्या हातात ही विद्या होती!

आज मात्र घरचा लेप, तूप, हळद नको. एवढे पाळा :

• दोन उशांवर डोके उंच ठेवून उताणे झोपा.
• नाक शिंकरू नका. शिंक आली तर तोंड उघडून शिंका.
• नाकावरची पट्टी स्वतः काढू नका, भिजवू नका.
• वाकणे, हंडा-सिलिंडर उचलणे, कंपनीतले जड काम तीन-चार आठवडे बंद. डॉक्टरांकडून रजेचा दाखला घ्या.
• चष्मा, गॉगल चार-सहा आठवडे नाकावर टेकवू नका. हेल्मेट घासते, म्हणून दुचाकीही कधी सुरू करायची ते डॉक्टरांना विचारा.
• तंबाखू, विडी, मिश्रीने जखम भरत नाही, दारूने रक्तस्राव वाढतो. पाचवे शील इथे औषधच आहे.
• अ‍ॅस्पिरिनसारखी गोळी विचारल्याशिवाय नको.

रक्त थांबेना, ताप, पू, वाढते दुखणे, अंधुक दिसणे किंवा नाक एकाएकी गच्च बंद झाले, तर त्याच दिवशी ऑपरेशन केलेल्या रुग्णालयात जा. ते लांब असेल तर तळवडेकरांनी पिंपरीचे यशवंतराव चव्हाण रुग्णालय गाठावे. नाकाच्या पडद्यात रक्त साठून राहिले तर कूर्चा नष्ट होऊन नाक खचते.

सूज पूर्ण उतरायला वर्षही लागते, आरसा पाहून घाबरू नका. शस्त्रक्रिया प्लास्टिक सर्जन किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञाकडेच करा, ब्यूटी पार्लरमध्ये नव्हे. आणि केवळ टोमण्यांसाठी कर्ज काढणार असाल, तर आधी घरात बोला. नाकाच्या ठेवणीवरून माणसाची किंमत ठरत नाही.