नाताळातील लग्नासाठी फुलांची निवड व पूर्वतयारी

पालघर जिल्ह्यातील वसई तालुका हा केळी, पानवेली व फुलझाडे यांच्या वाड्यांसाठी फार पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. येथील फुले पहाटेच्या गाडीने दादरच्या बाजारात जातात, हे सर्वांस ठाऊकच आहे. परंतु वर्षातून एकदा या फुलांना घराजवळच उत्तम गिऱ्हाईक मिळते. ते म्हणजे नाताळानंतर निघणारी लग्ने होत. नाताळापूर्वीच्या आगमनकाळात लग्नाचा थाटमाट टाळण्याची ख्रिस्ती समाजात परंपरा आहे. त्यामुळे 25 डिसेंबर उलटला की लगेच लग्नांची गर्दी होते. नोकरीनिमित्त परगावी व परदेशी गेलेले नातलगही याच दिवसांत घरी आलेले असतात.

अशा वेळी वधूपक्षाची मंडळी डिसेंबरच्या मध्यावर फुलांची चौकशी करू लागतात आणि वाडीवाले शेतकरी आपल्याजवळ जे उमललेले असेल ते पुढे करतात. यात दोघांचेही नुकसान होते. लग्नाची फुले खरे पाहता दुकानात निवडावयाची नसून वाडीत, आणि तीही तीन महिने अगोदर निवडावयाची असतात, ही गोष्ट या लेखात मुख्यतः सांगावयाची आहे. तारीख आधी व फूल नंतर, हा क्रम ध्यानात ठेवावा.

एक अनुभव

काही वर्षांपूर्वी एका होतकरू शेतकऱ्याने 27 डिसेंबरच्या लग्नासाठी पांढऱ्या ग्लॅडिओलसच्या दांड्यांची मागणी घेतली होती. त्याने सर्व कंद एकाच दिवशी, ऑक्टोबरच्या मध्यावर लावले. पीक निरोगी होते, मशागतीत काही उणे नव्हते. परंतु थंडी पडताच वाढ मंदावली आणि दांडे नववर्ष उजाडल्यावर रंग दाखवू लागले. वधूच्या वडिलांना ऐनवेळी मुंबईहून चढ्या भावाने फुले आणावी लागली व शेतकऱ्याचे दांडे मिळेल त्या दराने विकले गेले. दुसऱ्या दिवशी ज्या फुलाची किंमत उरत नाही, त्या फुलाचे पीक केवळ चांगले येऊन भागत नाही; ते वेळेवर यावे लागते.

हंगामाचा विचार

प्रथम कोणती फुले मागू नयेत, हे समजून घ्यावे. मोगरा हा उन्हाळ्याचा राजा आहे. डिसेंबरात तो भरपूर मिळेल अशी आशा धरू नये. वेणीसाठी शुभ्र व नाजूक फूल हवे असेल तर थंडीत फुलणारा कुंद अधिक भरवशाचा ठरतो. निशिगंधाचे उत्पादन थंडीत घटते. तथापि किनाऱ्यालगतच्या सौम्य हवेत काही दांडे मिळत राहतात. ते वेदीजवळच्या मांडणीत सुवासापुरते योजावेत, सर्व मदार त्यांवर ठेवू नये. हारांसाठी एकेरी व फुलदाणीसाठी दुहेरी जातीचा निशिगंध सोयीचा होय.

शेवंती, अॅस्टर, ग्लॅडिओलस व गुलाब ही मात्र या काळातील खात्रीची फुले आहेत. कार्नेशन व जर्बेरा यांना हरितगृह लागते. ती तळेगाव दाभाडे, नाशिक इत्यादी भागांतून आणविणे बरे. बाहेरून आणावयाची फुले थोडी व घरची फुले पुष्कळ, असा बेत केल्यास खर्च आटोक्यात राहतो.

तारखेवरून मागे मोजणे

लग्न 27 डिसेंबरला आहे असे धरून पुढील वेळापत्रक आखता येते.

ग्लॅडिओलस : जातीनुसार लागवडीपासून साधारण 70 ते 90 दिवसांत दांडे येतात. थंडीत काही दिवस अधिक लागू शकतात. म्हणून सर्व कंद एकदम न लावता 25 सप्टेंबर, 2 ऑक्टोबर व 9 ऑक्टोबर अशा तीन हप्त्यांत लावावेत. हे दिवस लग्नापासून अनुक्रमे 93, 86 व 79 दिवस आधी येतात. हवा कशीही फिरली तरी एखादा हप्ता तारखेस साधतो. नुकतेच काढलेले कंद सुप्तावस्थेत असल्याने लवकर उगवत नाहीत. तेव्हा सुमारे तीन महिने शीतगृहात ठेवलेलेच कंद घ्यावेत. परतीच्या पावसाचे पाणी साचू नये म्हणून लागवड उंच वरंब्यावर करावी.

अॅस्टर : बियाणे पेरल्यापासून फुले येण्यास सुमारे चार महिने लागतात. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात रोप टाकून महिन्याभराने पुनर्लागण करावी. राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठाची ‘फुले गणेश व्हाईट’ ही पांढरी व ‘फुले गणेश पिंक’ ही गुलाबी जात या कामास योग्य आहे.

गुलाब : छाटणीनंतर सर्वसाधारणपणे 45 ते 50 दिवसांनी फुले येतात. म्हणून निम्म्या झाडांची छाटणी 6 नोव्हेंबरच्या सुमारास व उरलेल्यांची 12 नोव्हेंबरच्या सुमारास करावी.

जिप्सोफिला : गुच्छात धुक्यासारखी दिसणारी ही बारीक पांढरी फुले वर्षायू जातीत पेरणीपासून आठ ते दहा आठवड्यांत येतात, परंतु बहर थोडेच दिवस टिकतो. ऑक्टोबरच्या मध्यापासून दर आठवड्यास एक वाफा पेरावा.

शेवंती व पॉइन्सेटिया : ही दोन्ही झाडे दिवस लहान झाल्यावर फुलतात. रात्री त्यांवर दिव्याचा उजेड पडल्यास फुले येण्यास विलंब लागतो. पॉइन्सेटियाचा तांबडा भाग पाकळ्यांचा नसून पानांचा असतो, व तो रंगण्यासही ऑक्टोबरपासून रोज रात्रीचा पूर्ण अंधार लागतो. अंगणातील अथवा रस्त्यावरील दिव्याखाली या कुंड्या ठेवू नयेत.

रंग व उपयोग यांनुसार निवड

वधूच्या हातातील गुच्छ : वधूचा पोशाख किंवा साडी पांढरी असल्यास शुद्ध पांढऱ्या फुलांचा गुच्छ त्यात हरवून जातो. पांढऱ्या गुलाबांत थोडे फिकट गुलाबी किंवा मोतिया रंगाचे गुलाब मिसळावेत व कडेने कुंतीची गर्द हिरवी डहाळी घालावी. सुमारे 15 ते 20 गुलाबांचा गोल गुच्छ पुरेसा होतो. गुच्छ वधूस दीर्घकाळ हाती धरावयाचा असतो, म्हणून तो जड करू नये. गुलाबाचे काटे काढण्यास विसरू नये. लिलीचे फूल वापरल्यास त्यातील परागकोश आधीच काढून टाकावेत, कारण परागाचे डाग शुभ्र वस्त्रावरून सहजासहजी जात नाहीत.

करवल्यांचे गुच्छ व कोटावरील फूल : करवल्यांसाठी अॅस्टर व जिप्सोफिला यांचे लहान गुच्छ शोभतात व स्वस्तही पडतात. वराच्या कोटावर एकच अर्धोन्मीलित गुलाब व एक पान एवढे पुरे.

चर्चमधील सजावट : नाताळासाठी चर्च बहुधा आधीच सजविलेले असते. म्हणून धर्मगुरूंना विचारूनच पुढील बेत करावा. फुले वेदीच्या पृष्ठावर न मांडता सभोवार मांडण्याचा प्रघात आहे. दोन उंच मांडण्यांसाठी प्रत्येकी सुमारे 20 ग्लॅडिओलसचे दांडे धरावेत. एकाच आठवड्यात दोन-तीन लग्ने असल्यास त्या कुटुंबांनी मिळून एकच सजावट करावी. तीत काटकसर आहे व शेजारधर्मही आहे.

मांडव व भोजनाची जागा : येथे पॉइन्सेटियाच्या कुंड्या व शेवंती उठून दिसतात. समारंभ रात्रीचा असल्यास गर्द जांभळी फुले दिव्यांच्या प्रकाशात काळपट दिसतात. तेथे पांढरी व पिवळी फुले वापरावीत. पॉइन्सेटियाचा पांढरा चीक त्वचेस त्रासदायक होऊ शकतो, म्हणून तो केकवर किंवा खाद्यपदार्थांजवळ ठेवू नये. औषध फवारलेली कोणतीही फुले केकवर खोवणे सर्वथा टाळावे.

तोडणी व निगा

ग्लॅडिओलसच्या खालच्या एक-दोन कळ्यांनी रंग दाखविताच दांडा कापावा. लग्नाच्या वेळी त्याच्या तीन-चार कळ्या उमललेल्या हव्या असल्याने ही तोडणी 24 किंवा 25 डिसेंबरला येते. नेमके हेच दिवस सणाचे असतात. घरची मंडळी मध्यरात्रीच्या मिस्सेला जातात व मजूर सुट्टीवर असतात. तोडणी कोण करणार, हे आधीच ठरवून ठेवावे. गुलाब, निशिगंध व जिप्सोफिला यांची तोडणी 26 तारखेच्या पहाटे करावी. अॅस्टर पूर्ण उमलल्यावरच तोडावा.

तोडलेली फुले उन्हात क्षणभरही न ठेवता स्वच्छ बादलीतील पाण्यात ठेवावीत. पाण्यात बुडणारी पाने काढून टाकावीत व देठाचे टोक धारदार सिकेटरने तिरपे कापावे. किनाऱ्यालगतच्या काही विहिरींचे पाणी मचूळ असते. ते फुलांस मानवत नाही. अशा ठिकाणी गोडे पाणीच आणावे. एक लिटर पाण्यात 20 ग्रॅम साखर व थोडा लिंबाचा रस घातल्यास फुले अधिक टिकतात. मात्र हे पाणी रोज बदलावे, अन्यथा ते कुजते. ग्लॅडिओलसचे दांडे आडवे ठेवल्यास त्यांची टोके वर वळतात व ती पुन्हा सरळ होत नाहीत. म्हणून ते वाहतुकीतही उभेच ठेवावेत.

आपल्या भागात एक चूक वारंवार घडते. फुलांच्या बादल्या थंड जागा म्हणून केळी पिकविण्याच्या खोलीत ठेवल्या जातात. पिकणाऱ्या केळ्यांतून इथिलीन वायू बाहेर पडतो व त्यामुळे कार्नेशनसारखी फुले एका रात्रीत मिटून सुकतात. पिकत्या फळांजवळ फुले कधीही ठेवू नयेत. तसेच घरच्या शीतकपाटात अँथुरियम ठेवल्यास अतिथंडीने काळे पडते, हेही ध्यानात असावे.

वधूचा गुच्छ लग्नाच्या सकाळीच बांधावा. फिती गुंडाळल्यानंतर देठांची टोके उघडी ठेवून घराबाहेर पडेपर्यंत तो पाण्यात उभा ठेवावा. निघताना देठ कोरडे पुसावेत.

मागणीची चिठ्ठी

शेतकरी बंधु-भगिनींनो, तोंडी मागणीवर पीक उभे करू नका. ऑगस्टमध्येच लग्नघरच्या मंडळींशी बसून एक चिठ्ठी करावी. तीत लग्नाची तारीख व वेळ, फुलांचा प्रकार, रंग व संख्या, ठरलेला दर, घेतलेली आगाऊ रक्कम आणि एखादे फूल न साधल्यास त्याऐवजी कोणते द्यावयाचे, या गोष्टी स्पष्ट लिहाव्यात. मागणीहून पाचवा हिस्सा अधिक लागवड करावी, म्हणजे किडलेली व वाकलेली फुले वगळता येतात.

लग्नघरच्या मंडळींनीही हे जाणावे की, आपल्या गावच्या वाडीतील फूल निवडणे म्हणजे केवळ शोभा निवडणे नव्हे. एका शेजाऱ्याच्या तीन महिन्यांच्या श्रमास शब्द देणे होय. तो शब्द वेळेवर दिला गेला, तर फूलही वेळेवर उमलते.