व्ही. आय. आर. : जुन्या तारेची तीन अक्षरे

जुन्या घरातला बिघडलेला स्विच बदलायला वायरमन येतो, बोर्ड उघडतो आणि म्हणतो, “ही व्ही. आय. आर. आहे. हलवली तर सगळीच बदलावी लागेल.” घरच्यांना वाटते, याला काम वाढवायचे आहे. विद्यार्थी मित्रहो, त्याच्या म्हणण्यात तथ्य किती ते पाहू.

व्ही. आय. आर. म्हणजे व्हल्कनाइज्ड इंडिया रबर. रबराचे झाड मूळचे ॲमेझॉनच्या खोऱ्यातले. युरोपियन लोक एके काळी अमेरिकेकडील प्रदेशालाही ‘इंडीज’ म्हणत, त्याची ही खूण. कच्चे रबर उन्हाळ्यात चिकट व थंडीत कडक होते. गंधकाबरोबर तापवल्यास हा दोष जातो, हे चार्ल्स गुडइयर यांना १८३९ मध्ये आढळले. रबराचे रेणू लांब साखळ्यांसारखे असतात. गंधकाचे अणू त्यांच्यामध्ये पूल बांधतात. या क्रियेला रोमन अग्निदेव व्हल्कन याचे नाव मिळाले.

पण गंधक तांब्याला काळे करते आणि तांबे रबराचे ऑक्सिडीकरण वाढवते. दोघांना दूर ठेवण्यासाठी तांब्याच्या तारेवर कथलाचा मुलामा देत. पितळी भांड्यात ताक कळकू नये म्हणून कल्हई करतात, तशातलीच ही युक्ती! म्हणूनच जुनी तार सोलली की रुपेरी दिसते. ती ॲल्युमिनियमची समजू नये. रबरावर सुती वेष्टण असे व त्याला पाणी न शोषणारा लेप दिलेला असे. अशा तारा सागवानी केसिंगच्या खाचांतून नेऊन वर कॅपिंगची पट्टी बसवीत.

सी. टी. एस. म्हणजे कॅब टायर शीथ्ड. घोड्यांच्या कॅबच्या चाकांना असे, तसल्या चिवट रबराचे हिच्यावर आवरण असते. टी. आर. एस., म्हणजे टफ रबर शीथ्ड, हे त्याच जातीचे नाव. या तारा लाकडी बॅटनवर क्लिपांनी उघड्याच बसवीत.

‘तीन-बावीस’ म्हणजे २२ गेजचे तीन पदर. गेजचा आकडा वाढला की तार बारीक होते, हे विसरू नका. २२ गेजचा व्यास सुमारे ०.७१ मिमी, तेव्हा तिन्ही पदरांचे मिळून क्षेत्रफळ सुमारे १.२ चौ. मिमी. ‘सात-बावीस’मध्ये सातच का? एका नाण्याभोवती तशीच नाणी चिकटून मांडून पाहा. बरोबर सहा बसतात.

आता वायरमनकडे वळू. वर्षानुवर्षे हवेतील ऑक्सिजन रबराच्या साखळ्यांवर क्रिया करतो. लवचिकपणा जातो, रबर ठिसूळ होते. उष्णतेने ही क्रिया वेग घेते, म्हणून दिव्याच्या होल्डरजवळ रबर आधी तडकते. केसिंगच्या मधल्या भागात तीच तार धडधाकट दिसू शकते. हलवली नाही तोवर तडकलेले रबरही नळीसारखे जागेवर राहते. वाकवली की तुकडे गळतात आणि उघडी तार हाताशी येते. तेव्हा वायरमन खरेच बोलत होता. कुतूहल म्हणून तुम्ही मात्र अशी तार वाकवून पाहू नका. मेन स्विच बंद करून जाणकारालाच तपासू द्या.

तो मेगरने ५०० व्होल्ट दाब लावून विसंवाहक आवरणाचा रोध मोजतो. येथेही एक मेख आहे. कोरडी हवा चांगली विसंवाहक असल्याने तडकलेल्या तारेचाही रोध मे महिन्यात उत्तम भरू शकतो. तीच तार श्रावणात, भिंतीला ओल आल्यावर, मोजली की काटा निराळेच सांगतो.