ओव्हनची उष्णता भिंतीत नको!

स्वयंपाकघर नव्याने करायचे ठरले की घरातली बरीचशी चर्चा फरशीचा रंग, ओट्याचा दगड आणि कपाटांची दारे यांवर खर्च होते. गवंडी येतो, जुन्या टाइल्स फुटतात, नवा ओव्हन आणि विजेची शेगडी खोक्यांसकट बैठकीच्या खोलीत येऊन बसतात. अगदी शेवटी कोणीतरी विचारते, "याला पॉइंट कुठला?" आणि मिक्सरच्या शेजारचा पॉइंट दाखविला जातो. वास्तविक हा प्रश्न सर्वांत आधी, भिंत लिंपण्यापूर्वी विचारायला हवा. एकदा टाइल बसली की तिच्यामागची तार बदलण्याचे धैर्य सहसा कोणाला होत नाही, आणि ती तार जन्मभर आपले काम निमूटपणे, पण दिसेनासे करीत राहते.

ते काम कोणते, याचा आपण थोडा हिशेब करू. ओव्हनच्या मागे किंवा दाराच्या कडेला एक लहानशी पट्टी असते. तीवर २३०० वॅट असे लिहिले आहे, आणि दोन चुलींच्या शेगडीवर ३४५० वॅट, असे समजा. (आकडे भागाकार सोपा व्हावा म्हणून निवडले आहेत, परंतु घरात येणाऱ्या उपकरणांचे आकडे यांच्या आसपासचेच असतात.) आपल्या घरी २३० व्होल्ट दाबाने वीज येते. शक्तीला दाबाने भागले की प्रवाह मिळतो: ओव्हनला १० अँपिअर, शेगडीला १५. दोन्ही एकदम चालू असतील तर २५. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात ओव्हनमध्ये नानकटाई आणि शेगडीवर चकल्यांचे तेल, असा योग येणारच.

आता तारेकडे वळू. इंग्लंडमध्ये मँचेस्टरजवळच्या सॅल्फर्ड गावी जेम्स प्रेस्कॉट जूल या तरुणाने तारेचे वेटोळे पाण्यात बुडवून, त्यातून वीज सोडून, तापमापकाने पाण्याचे तापमान मोजले. त्याने १८४१ साली प्रसिद्ध केलेला निष्कर्ष तुम्ही पाठ्यपुस्तकात वाचला आहे: उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या व रोधाच्या प्रमाणात निर्माण होते. जूल तेव्हा बावीस वर्षांचा होता. परीक्षेत या नियमावर दोन गुणांचे गणित येते आणि आपण तो विसरतो. भिंतीतली तार मात्र विसरत नाही. ओव्हनमधील नायक्रोमची तार आणि भिंतीतली तांब्याची तार यांतून एकच प्रवाह वाहतो आणि दोघींना एकच नियम लागू आहे. फरक फक्त रोधाचा.

एक मीटर लांब व एक चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेचा रोध २०° सेल्सिअसला ०.०१७२ ओहम असतो. मीटरजवळच्या बोर्डापासून ओटा बारा मीटरवर आहे असे धरा. प्रवाहाला जायला एक तार आणि परत यायला एक, म्हणजे चोवीस मीटर. दिव्यांसाठी घालतात ती दीड चौरस मिलिमीटरची तार (वायरमनच्या भाषेत नुसती 'दीडची') असेल, तर एकूण रोध ०.२७५ ओहम होतो. हिच्यातून दिव्यांचा अर्धा अँपिअर वाहिला तर उष्णता ०.०७ वॅट, हाताला कळणारही नाही. त्याच तारेवर आपण २५ अँपिअर लादले. प्रवाह पन्नास पटींनी वाढला, म्हणून उष्णता अडीच हजार पटींनी वाढली: १७२ वॅट! भिंतीत, प्लास्टिकच्या पाइपात, सिमेंटखाली कोंडलेली. तार तापली की तिचा रोध आणखी वाढतो. ७०° सेल्सिअसला तो सुमारे पाचव्या हिश्शाने अधिक भरतो. आणि साध्या पी.व्ही.सी. आवरणाची मर्यादा नेमकी तेवढीच, ७०° सेल्सिअस आहे. तिच्यापलीकडे ते मऊ पडते, पुढे कडक होऊन तडकते, आणि दोन तारा एकमेकींना भिडण्याची वेळ येते.

हीच लांबी सहा चौरस मिलिमीटरच्या तारेने काटली तर रोध एक-चतुर्थांश, म्हणून उष्णता ४३ वॅट. शिवाय जाड तारेला उष्णता बाहेर टाकायला पृष्ठभागही अधिक मिळतो.

येथे पुष्कळांचा एक समज आड येतो. 'एम.सी.बी. आहे ना, मग काय भीती?' एम.सी.बी., किंवा पूर्वीची वितळतार, कोणाच्या रक्षणासाठी असते? ओव्हनच्या नव्हे, तारेच्या. एम.सी.बी.मध्ये दोन धातूंची एक जोडपट्टी असते. ती तापून वाकली की खटका पडतो. शिवाय एक लहान विद्युत्चुंबक असतो. शॉर्ट सर्किट झाले की तो क्षणार्धात खटका पाडतो. जोडपट्टीला आपल्या आकड्याच्या जरा वरचा प्रवाह खुपत नाही. १६ अँपिअरची एम.सी.बी. १८ अँपिअर प्रवाह तासभर मुकाट्याने जाऊ देते, आणि तसे करणे प्रमाणित नियमांना धरूनच असते. म्हणून तीन आकडे चढत्या क्रमाने असावे लागतात: उपकरणाचा प्रवाह सर्वांत लहान, मग एम.सी.बी.चा, मग तारेला सोसेल तो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात भिंतीतल्या पाइपात दीडच्या तारेला १५ अँपिअरच्या आसपास, अडीचच्या तारेला २०, चारच्या तारेला २८ आणि सहाच्या तारेला ३५ अँपिअर सोसतात. २५, ३२, ३५ हा क्रम बरोबर आहे. परंतु दुकानात सहाची तार महाग वाटली म्हणून चारची आणली आणि एम.सी.बी. ३२चीच ठेवली, तर क्रम बिघडला, आता एम.सी.बी.च्या आधी तार थकेल. खटका वारंवार पडतो म्हणून मोठ्या आकड्याची एम.सी.बी. बसविणे हा याच चुकीचा लोकप्रिय प्रकार आहे. माझे मत विचाराल तर, दोन्ही उपकरणांना बोर्डापासून वेगवेगळ्या तारा आणि वेगळे पाइप घ्यावेत: ओव्हनला अडीचची तार व १६ची एम.सी.बी., शेगडीला चारची तार व २०ची. खर्चात थोडीच भर पडते, आणि एक बिघडले तरी दुसऱ्यावर भात होतो. मात्र त्याआधी विजेच्या बिलावर 'मंजूर भार' काय लिहिला आहे तेही पाहावे. तो दोन किलोवॅट असेल तर पावणेसहा किलोवॅटची ही जोडी आणण्यापूर्वी भार वाढवून घेण्याचा अर्ज करावा लागेल.

तार योग्य निवडली तरी एक जागा उरते, आणि माझ्या मते सर्वांत फसवी तीच: जोड. तारेचे टोक स्विचच्या किंवा सॉकेटच्या स्क्रूखाली दाबलेले असते. स्क्रू सैल राहिला, बारीक तारांपैकी निम्म्याच खाली आल्या, तर तेथे समजा पाव ओहम रोध उत्पन्न झाला. ओव्हनचा रोध २३ ओहम; आता मंडलाचा एकूण रोध २३.२५. प्रवाह १० वरून ९.९ अँपिअरवर आला. जोडात उष्णता किती? ९.९ चा वर्ग गुणिले पाव, म्हणजे साडेचोवीस वॅट. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या हातातले सोल्डरिंगचे हत्यार साधारण २५ वॅटचे असते! ते पेटवून काड्यापेटीएवढ्या जागेत भिंतीत ठेवून दिल्यासारखे झाले. तांबे तापून त्यावर ऑक्साइड चढते, त्याने रोध वाढतो, म्हणून उष्णता वाढते. एम.सी.बी.चे काय? तिला तर प्रवाह कमी झालेला दिसतो. ती कधीच पडणार नाही. म्हणूनच बोर्डापासून उपकरणापर्यंत तार अखंड असावी, मध्ये भिंतीत जोड नको. प्लग गरम लागला किंवा सॉकेट पिवळे पडू लागले, तर तो याच जोडाचा निरोप समजावा.

१९७०-८० च्या सुमारास बांधलेल्या कित्येक इमारतींत तारा ॲल्युमिनियमच्या आहेत. त्याच जाडीला त्यांचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त, आणि हवेत त्यांच्यावर ऑक्साइडचा चिवट थर चढतो. अशा तारेला नवी तांब्याची तार पिळून ओव्हनपर्यंत नेणे म्हणजे वरचा पाव ओहम आपल्या हातांनी तयार करणे होय.

राहता राहिली तिसरी तार, अर्थिंगची. ओव्हनच्या पोलादी नळीत मधोमध नायक्रोमची तार असते आणि भोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड ठासलेली असते. ही पूड उष्णता जाऊ देते, वीज नाही. पण दमट हवेत ती ओलावा शोषते. पावसाळाभर न वापरलेला ओव्हन गणपतीत लावला की थोडा प्रवाह बाहेरच्या धातूकडे झिरपतो. नळी तडकली तर थोडा नव्हे, सगळा.

समजा, शेगडीची फेजची तार सुटून तिच्या धातूच्या अंगाला टेकली. घराच्या अर्थिंगचा रोध ३ ओहम आणि उरलेल्या मार्गाचा २ ओहम असेल, तर ४६ अँपिअर प्रवाह जमिनीत जाईल. २०च्या एम.सी.बी.ला हा सव्वादोन पटच आहे. खटका पडायला मिनिटभरही लागू शकेल. तेवढा वेळ शेगडीच्या अंगावर ४६ गुणिले ३, म्हणजे १३८ व्होल्ट. अर्थिंग मुळीच नसेल तर २३० व्होल्ट, आणि एम.सी.बी.ला पत्ताही नाही. ओल्या हातांच्या माणसाच्या शरीराचा रोध हजार ओहमच्या आसपास धरतात. म्हणजे २३० मिलिअँपिअर. हृदय थांबायला पुरेसे.

म्हणून स्वयंपाकघराच्या तारांना आर.सी.सी.बी. हवी. ही पेटी जाणारा व परत येणारा प्रवाह ताडून पाहते. त्यांत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की एका सेकंदाच्या तीन दशांशाच्या आत दोन्ही तारा तोडते. ओव्हन लावताच ती पडू लागली, तर तिला वगळून तारा थेट जोडून देणारे वायरमन आहेत. त्यांना तसे करू देऊ नये. परवानाधारक वायरमनकडून ओव्हनची गळती मोजून घ्यावी. आर.सी.सी.बी.वर 'टी' लिहिलेले एक लहान बटण असते. वडीलधाऱ्यांना सांगून ते महिन्यातून एकदा दाबून पाहा. दाबल्यावर खटका खाली आला नाही, तर पेटी बदलेपर्यंत ओव्हन आणि शेगडी दोन्ही बंद ठेवावीत.