वितळण्याची सीमारेषा

चाकणला बजाज ऑटोच्या कारखान्यात १९९९ पासून मोटरसायकली तयार होत आहेत. मोटरसायकलच्या इंजिनाचे कवच बहुधा ॲल्युमिनियम व सिलिकॉन यांच्या मिश्रधातूचे असते. पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात असे सुटे भाग ओतणारे अनेक कारखाने आहेत. साच्यात ओतलेला हा रस कोणत्या तापमानाला गोठतो?

शुद्ध ॲल्युमिनियम ६६०° सें.ला वितळते, तर सिलिकॉन १४१४° सें.ला. तेव्हा सिलिकॉन मिसळल्यास वितळबिंदू वाढेल, असे तुम्हांला वाटेल. प्रत्यक्षात तो उतरतो! मीठ घातलेले पाणी शून्य अंशाखालीही गोठत नाही, तसाच हा प्रकार आहे.

आता आलेखाचा कागद घ्या. आडव्या अक्षावर सिलिकॉनचे शेकडा प्रमाण व उभ्या अक्षावर तापमान मांडा. (०, ६६०) आणि (१२.६, ५७७) हे बिंदू जोडा. ही झाली द्रवरेषा; हिच्या वर सर्व रस असतो. (ती किंचित वक्र असते, पण सरळ धरली तरी चालेल.) (०, ६६०) पासून (१.६५, ५७७) पर्यंत व तेथून उजवीकडे आडवी जाते ती घनरेषा, तिच्याखाली सर्व घन असते. दोन्ही रेषा १२.६ टक्क्यांवर मिळतात, त्याला यूटेक्टिक बिंदू म्हणतात.

७ टक्के सिलिकॉनचा रस सुमारे ६१४° ला गोठू लागतो व ५७७° ला पूर्ण गोठतो. मधल्या ३७ अंशांत घन व द्रव एकत्र असतात. ५७७° च्या किंचित वर १०० ग्रॅमपैकी ५१ ग्रॅम घन व ४९ ग्रॅम रस असतो. ताळा पाहा: घनात १.६५ टक्के व रसात १२.६ टक्के सिलिकॉन धरल्यास एकूण सिलिकॉन ७ ग्रॅमच भरते.

हा हिशेब महत्त्वाचा का? गोठताना ॲल्युमिनियमचे आकारमान सुमारे ६ ते ७ टक्क्यांनी घटते. घनकणांच्या दाटीतून उरलेला रस पुढे सरकला नाही, तर आत पोकळ्या राहतात आणि कवचातून तेल झिरपते. म्हणून दाबाने ओतायच्या पातळ भागांसाठी बहुधा ९ ते १२ टक्के सिलिकॉन घेतात.

तुमच्या आलेखावरून सांगा: १० टक्क्यांचा रस कधी गोठू लागेल? आणि मधली पट्टी किती अंशांची असेल?